नितळ पाण्यातला बास: आधी खोली, मग जिग, रंग सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डॅलसजवळच्या गढूळ तळ्यांवर तीन वर्षं जिगने, म्हणजे जड डोक्याच्या आणि तंतूंची झालर लावलेल्या गळाने, बास मासे पकडताय. जूनच्या सुरुवातीला मिसुरीतल्या टेबल रॉक तलावावर दोन दिवस बोट भाड्याने घेतलीत. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, २५-३० फुटांवर मासे दिसत होते, तुम्ही काठाकडे जिग फेकत होतात, अकरा रंग बदललेत आणि हाती आला एकच बास, तोही सोडून द्यावा लागला इतका लहान. आता ऑक्टोबरात नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पुन्हा जायचंय, तर रंग कुठला न्यावा?

अकरा रंग बदललेत, पण खोली किती वेळा बदललीत? दोष रंगात नव्हता. मासे ३० फुटांवर आणि जिग काठाजवळच्या चार-पाच फुटांवर, यात जिगचा रंग पाहायला मासा होताच कुठे?

मी आर्कान्सातल्या बेंटनव्हिलला राहतो. नोकरीनिमित्त आलेली बरीच मराठी घरं आहेत इथे. टेबल रॉकवर सतरा वर्षं जातोय. त्याआधी मालवणच्या खाडीत गरवायचो. रॉड, रीळ काही नाही, नुसती हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि गरी. ते इथे सांगण्याचं कारण पुढे येईल.

आधी तलाव समजून घ्या. व्हाइट रिव्हरवर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९५४ ते १९५८ या काळात धरण बांधलं आणि ओझार्कच्या डोंगरांतली एक वळणावळणाची दरी पाण्याखाली गेली. त्यामुळे हा तलाव थाळीसारखा नाही. जुन्या नदीचं पात्र तळाशी तसंच आहे, तिचे ओढे तसेच आहेत आणि कित्येक ठिकाणी जुनी झाडंही पाण्याखाली उभी आहेत. काठ म्हणाल तर कुठे सरळ कडा, कुठे फोडलेल्या खडीसारखे मोठे दगड, कुठे वाटाण्याएवढी बारीक खडी. पाण्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून ९१५ फूट धरतात. पूर आला की ती चांगलीच वर चढते. आमच्यातले बरेच जण सकाळी बोट सोडण्याआधी त्या दिवसाची पातळी बघतात, कारण पाणी चार फूट वाढलं की काल २० फुटांवर असलेला खडकाचा कंगोरा आज २४ वर गेलेला असतो.

इथे ब्लॅक बासच्या तीन जाती एकाच पाण्यात आहेत: लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. स्पॉटेडला इथली माणसं ‘केंटकी’ म्हणतात. जिभेवर बोट फिरवलं की खरखरीत पट्टा लागतो, ती खूण. तुम्हाला सवय आहे लार्जमाउथची. तो झाडाझुडपाला, सावलीला चिकटून राहतो. स्पॉटेड आणि स्मॉलमाउथ उघड्या खडीवर, खोल पाण्यात, कळपाने हिंडतात. डॅलसच्या तळ्यात शिकलेली ‘काठाला झुडूप दिसलं की फेक’ ही सवय इथे फार तर दहातल्या दोन माशांपर्यंत पोहोचवेल.

नितळ पाण्याने नेमकं काय बदलतं? सूर्यप्रकाश खोलवर जातो, म्हणून मासाही खोल जातो. त्याला लांबून दिसतं, त्यामुळे बोट डोक्यावर आली की तो बिचकतो. आणि रंगांचं म्हणाल तर पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. तीस फुटांखाली तुमचा नारिंगी जिग बराचसा करडा दिसतो. तिथे माशाला दिसते ती आकृती, स्कर्टच्या, म्हणजे जिगच्या झालरीच्या, तंतूंची थरथर आणि जिग तळावर कसा चालतोय ते. म्हणून रंग शेवटी.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी यांच्यात थर पडतो, थर्मोक्लाइन. टेबल रॉकवर भर उन्हाळ्यात तो साधारण २५ ते ३५ फुटांच्या दरम्यान सापडतो. खालचं पाणी किती थंड असतं याचा पुरावा धरणाच्या पलीकडेच आहे: धरणाच्या खोलातून सोडलेल्या पाण्यामुळे टॅनिकोमो तलाव इतका गार राहतो की तिथे भर जुलैत ट्राउट हा थंड पाण्यातला मासा जगतो. उन्हाळा सरत येतो तसतसा थराखालचा प्राणवायू कमी होत जातो आणि बास थराच्या वर किंवा थरालगत राहतो. म्हणजे ४५ फुटांवर जिग खेळवत बसलात तर रिकाम्या घरात हाका मारल्यासारखं आहे. सोनारची संवेदनशीलता वाढवली की हा थर पडद्यावर धूसर पट्ट्यासारखा दिसतो. सकाळी पहिलं काम ते.

आता तुमचं फेकणं. तुम्ही ४० फूट पाण्यात बोट उभी करून काठाकडे फेकलंत. जिग तीन फुटांत पडला, दोन उड्या मारल्या, उतार सुरू झाला आणि दोरी ताणलेली असल्यामुळे जिग तळावर न उतरता झोक्यासारखा बोटीकडे झुलत आला. तुम्हाला वाटलं तो उतारावरून खाली येतोय. प्रत्यक्षात तो माशांच्या डोक्यावरून गेला. कडा जेवढा उभा, तेवढी ही फसगत मोठी.

यावर दोन उपाय. पहिला: जिग पाण्यात पडताच दोरी सैल सोडा, रिळातून हाताने आणखी ओढून द्या, म्हणजे तो सरळ खाली जाईल. तळ लागला की दोरी एकदम ढिली पडते, ते पाहायला शिका. दुसरा उपाय माझ्या मते सगळ्यात मोलाचा: काठाकडे तोंड करूच नका. तलावाच्या नकाशावर २५ फूट खोलीची रेषा शोधा, बोट त्याच रेषेवर ठेवा आणि रेषेच्याच दिशेने पुढे फेका. मग जिग पडल्यापासून परत येईपर्यंत सगळा वेळ २५ फुटांवरच चालतो. काठाकडे फेकल्यावर जो जिग कामाच्या खोलीत चार-पाच सेकंद राहत होता, तो आता मिनिटभर राहतो. पाच-सहा फेकींत काही लागलं नाही तर २० ची रेषा, मग ३० ची. कुठल्या तरी एका खोलीवर पहिला मासा लागेल. तो आकडा लिहून ठेवा. त्या दिवशी तलावाच्या त्या भागात तशाच दुसऱ्या टोकांवर मासे बहुतेक त्याच खोलीवर असतात. माझ्या वहीत सतरा वर्षांचे असे आकडे आहेत. त्यात तारीख, पाण्याचं तापमान, वारा, खोली आणि तळ कसला होता एवढंच लिहितो. रंगाचा रकाना आखला होता, तो तिसऱ्या वर्षी बंद केला.

‘टोक’ म्हणजे जमिनीची जीभ, जी पाण्यात शिरून खाली उतरत जाते. जूनमध्ये विणीनंतर बास तलावाच्या फाट्यांच्या आतल्या बाजूने बाहेर येतो आणि अशा बारीक खडीच्या लांब टोकांवर थांबतो. सगळ्या टोकावर नाही. जिथे बारीक खडी संपून मोठे दगड सुरू होतात, जिथे एकच झाड उभं आहे, जिथे जुना ओढा टोकाला खेटून जातो, अशा जागी. तुम्ही गेलात तो हंगाम खरं तर जिगसाठी उत्तम होता, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतोय.

जिग कुठला? खडीवर आणि दगडावर फुटबॉल डोक्याचा. आडवं, फुगीर डोकं दगडावरून लोळत जातं, फटीत कमी अडकतं आणि दगडाला आपटलं की मागचा भाग वर उचलला जातो. डेंगे उगारून मागे सरकणाऱ्या क्रॉफिशसारखं दिसतं ते. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, नांग्यावाला, आपल्या शेवंडाचा लहान भाऊ म्हणा. व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यात त्याची लांब नांग्यांची एक जात आहे, मिसुरीतली सगळ्यात मोठी. बास त्यावर तुटून पडतो. वजन: १५ फुटांच्या आत तीन अष्टमांश औंस, १५ ते ३० ला अर्धा औंस, त्याखाली किंवा वारा जोरात असेल तर पाऊण. नवखा माणूस हलका जिग घेतो, कारण तो अडकत नाही. पण हलक्या जिगला तळ कळत नाही, आणि तळ कळला नाही तर जिग वापरण्याचा उपयोगच काय? टंगस्टनचा जिग शिशापेक्षा आकाराने लहान आणि कठीण असतो, दगड जास्त स्पष्ट जाणवतो. महाग आहे, आणि इथे झाडांत जिग जातातच, म्हणून मी शिशाचेच वापरतो.

झाडं असतील तिथे फुटबॉल डोकं नको, ते फांदीच्या बेचक्यात बसतं. तिथे चिंचोळ्या डोक्याचा आणि कडक तंतूंचा झुपका गळावर असलेला जिग घ्या. मासे अंगचोर झाले असतील, ऊन कडक आणि वारा नाही असा दिवस असेल, तर पाच सोळांश औंसाचा आखूड स्कर्टचा छोटा जिग. ओझार्कमध्ये हा छोटा जिग फार चालतो. मागे लावायचा प्लॅस्टिकचा ट्रेलर थंड पाण्यात साधा आणि जवळजवळ न हलणारा, कोमट पाण्यात नांग्या फडफडणारा.

रंग विचारलात म्हणून: हिरवट तपकिरी, म्हणजे ज्याला ग्रीन पंपकिन म्हणतात तो, आणि तपकिरी-जांभळा, ज्याला इथे पीनट बटर आणि जेलीवरून ‘पीबी अँड जे’ म्हणतात. रात्री काळा-निळा. तीनच डबे. उरलेले आठ घरी ठेवा.

दोरी १० किंवा १२ पौंडांची फ्लोरोकार्बन. ती पाण्यात बुडते, कमी ताणली जाते आणि प्रकाश जवळजवळ पाण्यासारखाच वळवते, म्हणून नितळ पाण्यात कमी दिसते. गढूळ तळ्यावरची तुमची जाड विणलेली दोरी (ब्रेड) इथे सरळ जिगला बांधू नका. छोट्या जिगला ८ पौंड. दगडावरून घासून शेवटचे दोन-तीन फूट खरखरीत होतात, दर अर्ध्या तासाने ओठांमधून फिरवून बघा आणि खरखर लागली की कापून पुन्हा बांधा. आळस केला आणि चांगला मासा गेला, असं माझं दोनदा झालंय, दोन्ही वेळा मार्चमध्ये. वर्षातले सगळ्यात मोठे मासे तेव्हाच लागतात.

आता मालवण. आमचे आजोबा जेटीवर बसून तंगूस तर्जनीवरून घ्यायचे आणि डोळे मिटायचे. शिसं वाळूत आहे की खडपावर, हे ते बोटावरून सांगत. तांबोशी खडपाच्या कपारीतून येते, एकदा टोचते, आणि तिला माघारी कपारीत शिरू दिलंत की तंगूस तुटलीच. मला जिग आला तो तिथून. इथे आल्यावर दोन वर्षं मी रॉडच्या टोकाकडे बघत बसायचो आणि काही लागायचं नाही. मग एके दिवशी रिळाच्या पुढे दोरी डाव्या हाताच्या तर्जनीवर घेतली, आणि तळ बोलायला लागला. बारीक खडी म्हणजे बारीक, सततची करकर. मोठा दगड म्हणजे ‘ठक्’, मग वजन चढतं आणि सुटतं. लाकूड मऊ असतं, जिग त्यावर चढताना रबरासारखं जाणवतं. चिखलात काहीच जाणवत नाही, जिग नुसता जड होतो. तुम्हीही दोरी बोटावर घ्या.

जिग ओढायचा रॉडने, रिळाने नव्हे. रॉड बाजूला फिरवत सावकाश ओढा, तळाची करकर सुटता कामा नये. रॉड परत आणताना ढील गुंडाळा. दगडाला अडला की जोर लावू नका. दोरी नुसती ताणा आणि टिचकी मारल्यासारखी सोडा. तो निसटून पुढे उडी घेतो, त्याच क्षणी निम्मे मासे लागतात. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हेच सगळं निम्म्या वेगाने.

मासा लागला हे कसं कळतं? बास चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो आणि कठीण लागलं तर तितक्याच झटकन बाहेर टाकतो. तुमच्याकडे येतं ते यातलं काहीतरी: एक बारीक ‘टक्’. किंवा जिगला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं वजन. किंवा दोरी बाजूला चालायला लागते. किंवा काहीच जाणवत नाही, जिग तळाला लागायच्या आधीच दोरी ढिली पडते. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा चुकतं. म्हणून आधी बोटीजवळ, सोनारवर २० फूट पाणी दिसत असताना, जिग सरळ खाली सोडा आणि तळ लागेपर्यंत मोजा. तुमच्या जिगचा, तुमच्या दोरीचा तो आकडा. मग फेकल्यावर २० फुटांच्या जागी तो आकडा व्हायच्या आत दोरी थांबली, तर तो तळ नव्हे, मासा आहे.

जाणवलं की रॉड खाली करा, ढील गुंडाळा आणि लांब झोकाने बाजूला ओढा. टीव्हीवर दाखवतात तसा वरच्या दिशेने हिसका १० पौंडाच्या दोरीला झेपत नाही.

सोनारबद्दल एक खुलासा, कारण तुम्ही लिहिलंय की मासे ‘बोटीच्या बरोबर खाली’ होते. साध्या सोनारचा झोत शंकूसारखा असतो. २० अंशांचा शंकू ३० फुटांवर साधारण साडेदहा फूट रुंद होतो. पडद्यावरचा मासा त्या वर्तुळात कुठेही असू शकतो. शिवाय २५ फुटांवर दिसणारा मासा तळावर आहे की ६० फूट पाण्यात झाडाच्या शेंड्यापाशी अधांतरी आहे, ते बघा. अधांतरी असेल तर तळावरचा जिग त्याच्या कामाचा नाही, बास वर बघून खातो. मोजून शेंड्याच्या जरा वर जिग थांबवा, किंवा तो मासा सोडून तळावरचा शोधा. मी बहुतेक वेळा सोडतो.

वारा हवाच. पाण्याला सुरकुती पडली की वरून प्रकाश फुटतो, मासा निर्धास्त होतो आणि काठाजवळ, उथळ येतो. काचेसारखं शांत पाणी फोटोला छान, जिगला वाईट. वाऱ्याच्या बाजूचं टोक गाठा आणि पाऊण औंस लावा. पण वादळाचा अंदाज असेल तर निघूच नका. याच तलावात १९ जुलै २०१८ ला अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची डक बोट (जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी) बुडून १७ जण गेले, त्यात मुलंही होती. दऱ्यांमुळे ढग येताना उशिरा दिसतात. तुमच्या मुलाचं लाइफ जॅकेट बोट धक्क्याला लागेपर्यंत काढायचं नाही, आणि तुम्ही घातलं असेल तरच तो ठेवेल.

खोलातून वर आणलेल्या माशाचं एक आहे. ३० फुटांच्या खालून आला की त्याची हवेची पिशवी फुगते आणि तो सोडल्यावर पोट वर करून तरंगतो. बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवून फोटो काढत बसू नका, लगेच सोडा. सुईने हवा काढण्याची पद्धत आहे, पण प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नका. ३५ च्या खाली मासे असतील तर मी खायला हवे तेवढेच धरतो आणि उथळ जागा शोधतो. ठेवायचा असेल तर तिन्ही जातींना किमान १५ इंचांची अट आहे, तरी परवाना काढताना त्या वर्षीची पुस्तिका वाचा. तलावाचे काही फाटे आर्कान्सात जातात. मिसुरी आणि आर्कान्साच्या रहिवाशांना दोन्हीकडे चालणारं व्हाइट रिव्हर बॉर्डर लेक्स परमिट मिळतं. तुम्ही टेक्सासचे, तुम्हाला ते लागू नाही, म्हणून राज्याची हद्द नकाशावर पाहून ठेवा. आणि निघताना बोट पुसून, पाणी काढून, वाळवून न्या. या नदीवरच्या धरणांच्या साखळीत झेब्रा शिंपला हा झपाट्याने पसरणारा उपद्रवी शिंपला पोहोचलेला आहे, तो तुमच्या तळ्यात जायला नको.

ऑक्टोबराविषयी सरळ सांगतो: महिना अवघड आहे. शॅड या छोट्या माशांचे थवे ओढ्यांत शिरू लागतात, बास त्यांच्यामागे पांगतो आणि एका खोलीचा हिशेब पूर्वीसारखा जुळत नाही. ढगाळ सकाळी ओढ्यांच्या तोंडाशी, जिथे जुनं पात्र काठाला खेटून वळतं, तिथे मोठ्या दगडांवर १० ते २० फूट बघा. ऊन चढलं की खोल पाण्यावरच्या खासगी धक्क्यांची सावली. धक्क्याच्या कोपऱ्याला छोटा जिग सोडा, सैल दोरीवर खाली जाऊ द्या. जेम्स रिव्हरच्या फाट्यात पाणी धरणाजवळच्यापेक्षा गढूळ असतं, तिथे तुमचा डॅलसचा अनुभव कामाला येईल. दोन दिवसांतला एक तिकडे घालवा.

मुलाच्या हातात पहिल्या दिवशी रॉड देऊ नका. धक्क्यावर बसवा, १५ फूट दोरी, पाव औंसाचा जिग, दोरी तर्जनीवर. जिग थोडा उचलायचा, ठेवायचा, आणि खाली काय आहे ते तुम्हाला सांगायचं: खडी, दगड, लाकूड. धक्क्याखाली छोटे ब्लूगिल मासे असतात, ते ट्रेलर कुरतडतील आणि त्याला ती बारीक टकटक बोटावर कळेल. तासाभराने त्याला विचारा, दगड कुठला आणि मासा कुठला.